पाठराख्याची शिंपीण

बर्नडीन कुचिन्स्की गेली एकतीस वर्षं अमेरिकेतल्या ईरी शहराच्या फुटबॉल क्लबात शिवणकाम करते, आणि त्यातल्या शेवटच्या एकोणीस वर्षांत तिने एकही सामना पाहिला नव्हता. सामना तिच्या डोक्यावरच चालू असायचा. शिवणाची खोली स्टेडियमच्या पोटात, पूर्वेकडच्या गॅलरीच्या बरोबर खाली. वर साठ हजार माणसं पाय आपटतायत, छताचा चुना तिच्या कॉफीत पडतोय, आणि ही खाली मशीनवर फाटके मोजे शिवतेय. मोजे! आमचा क्लब मोजे डझनांनी फेकून देतो. पण रविवारी दुपारी एक ते चार मशीनचा आवाज बंद पडता कामा नये, आणि आवाजासाठी काहीतरी शिवायला तर हवं. म्हणून मी धुलाईतले फाटके मोजे तिच्यासाठी बाजूला ठेवतो. धुलाईचं खातं माझं. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक दार आहे, ते लागत नाही. त्यामुळे अकरा वर्षं मी तिची मशीन ऐकतोय आणि ती माझी. घरघर कोणाची जास्त, यावर आमचा अजून निकाल लागलेला नाही.

बाई ठेंगणी, सत्तरीला दोन कमी, चष्मा गळ्यात दोरीला आणि टाचण्या तोंडात. टाचण्या तोंडात असल्या की ती अखंड बोलते, आणि काढल्या की गप्प. रिकाम्या तोंडाने बोलू नये असं तिच्या आईने शिकवलं असावं.

लोकांना वाटतं ती फाटलेल्या जर्सी शिवते. ते कोणीही करेल. तिचं खरं काम जर्सी घट्ट करण्याचं. आमच्या अमेरिकन फुटबॉलात चेंडू हाताने फेकतात, आणि फेकणारा एकच, क्वार्टरबॅक. तो फेकायला अंग तिरकं करतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे उघडी पडते आणि तिकडून कोण धावत येतंय ते त्याला दिसत नाही. ते बघायला डाव्या कडेला एक भलाथोरला गडी उभा असतो. कागदोपत्री तो लेफ्ट टॅकल. आम्ही खालचे लोक त्याला पाठराखा म्हणतो. चेंडूला त्याने हात लावायचा नाही. त्याने फक्त समोरून येणारा रेडा अडीच सेकंद अडवायचा. अडवला तर त्याचं नाव कोणी घेत नाही. नाही अडवला तर अख्खं गाव घेतं.

आता जर्सी सैल असली की समोरचा ती मुठीत धरतो. एकदा कापड मुठीत आलं की तीनशे पाउंडांचा, म्हणजे एकशेछत्तीस किलोंचा माणूसही पडद्यासारखा बाजूला सारला जातो. म्हणून बर्नडीन खांद्याच्या गाद्यांवर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावते, काखेतली शिवण आत घेते, आणि मग दोघं जण मिळून त्या गड्याला जर्सीत भरतात, सॉसेज भरावं तसं. सामना संपल्यावर बाहेर काढायलाही दोघंच लागतात.

एकोणीस वर्षांपूर्वी टॉलिव्हर नावाचा पाठराखा तिला म्हणाला, "मिस बर्नी, काखेत फार काचतं हो. श्वास पुरत नाही." तिला दया आली. तिने दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच सोडला. रविवारी तेवढंच कापड समोरच्याच्या मुठीत आलं. टॉलिव्हर बाजूला फेकला गेला, आणि त्या वेळचा आमचा क्वार्टरबॅक फिन डोनेली पाठीवर आलेल्या धडाखाली घडी घातल्यासारखा दुमडला. मणका गेला. पुन्हा खेळला नाही. आता तो काठी घेऊन चालतो, विमा विकतो, आणि दर शुक्रवारी गावातल्या पोलिश मंडळींच्या क्लबात आमच्यासारखाच तळलेला मासा खायला येतो. बर्नडीन दिसली की टोपी काढतो. "काय बर्नी, बरी आहेस ना?" बस्स, एवढंच. त्याला काही माहीत नव्हतं. माझ्याखेरीज कोणालाच नव्हतं. त्या एका प्रेमळ चौकशीने तिच्या ताटातला मासा थंड व्हायचा.

"त्याने मला शिव्या दिल्या असत्या ना वॉल्ट," ती मला एकदा म्हणाली, "तर मी दोन ताटं खाल्ली असती."

फिनच्या नंतर बरेच पाठराखे आले नि गेले. मग अँब्रोज टिलरी आला आणि नऊ वर्षं राहिला. लुइझियानाचा, तीनशे चाळीस पाउंड, वर्षाला सव्वादोन कोटी डॉलर. एवढ्या पगाराचा माणूस बर्नडीनसमोर हात वर करून उभा राहायचा आणि गुदगुल्या होऊ नयेत म्हणून चर्चमधली गाणी म्हणायचा. त्याच्या छातीभोवती मापाची पट्टी फिरवायला तिला त्याला अख्खी प्रदक्षिणा घालावी लागायची. दर नाताळात तो तिला एक आख्खं हॅम द्यायचा आणि मी जानेवारीभर डब्यात हॅम खायचो.

आणि दर रविवारी, सामन्याला चाळीस मिनिटं असताना, हाच अँब्रोज शिवणाच्या खोलीत येऊन बाहेरच्या दाराला कडी लावायचा, गुडघ्यांवर बसायचा आणि बर्नडीनच्या टेबलाखालच्या निळ्या बादलीत भडाभडा ओकायचा. नऊ वर्षं, एक रविवार चुकला नाही. बाकीच्यांना वाटायचं तो प्रार्थनेला जातो. बादली मी धुवायचो, म्हणून मला ठाऊक.

"अजून भीती वाटते?" मी एकदा मूर्खासारखं विचारलं.

"वॉल्ट," तो तोंड पुसत म्हणाला, "ती कोणालातरी वाटायलाच हवी. मला नाही वाटली तर ग्रॅहमला वाटेल. आणि त्या बिचाऱ्याला चेंडू फेकायचा असतो."

ग्रॅहम व्हॉस म्हणजे आमचा हल्लीचा क्वार्टरबॅक. शांत माणूस, तेरा वर्षं खेळलेला. भीती म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, कारण ती बादलीतून माझ्या मोरीत जात होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत संपायला तासभर असताना, वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी अँब्रोज पश्चिमेकडच्या एका क्लबाला देऊन टाकला. पगार फार होतो म्हणे. बदल्यात पुढच्या वसंतात कॉलेजातली दोन चांगली पोरं आधी उचलायचा हक्क मिळाला. फोन आला तेव्हा अँब्रोज बर्नडीनसमोरच उभा होता, एक हात वर. त्याने ऐकलं, "हो सर" म्हणाला, फोन ठेवला. हात तसाच वर.

"मिस बर्नी, टाचण्या काढा."

"थांब, डावी बाजू राहिलीय."

"राहू द्या. मला विमान गाठायचंय."

तिने टाचण्या काढल्या. एकदा त्याला टोचली, तो "ओय" म्हणाला, आणि दोघंही जरा हसले. दारातून जाताना त्याला नेहमीप्रमाणे तिरकं व्हावं लागलं. तिथे थांबून तो म्हणाला, "जो कोण येईल त्याला बादली दाखवा."

आला तो वेस्ली स्ट्रूब. नेब्रास्कातल्या एका खेड्यातला, सव्वीस वर्षांचा. तीन वर्षं सरावापुरता ठेवलेला, चार वेळा काढलेला, चार वेळा परत बोलावलेला. बाप शाळेची बस चालवतो. पोराला जागा मिळाल्याचं कळताच बापाने बस रस्त्याच्या कडेला उभी केली आणि चाळीस पोरांना बातमी सांगितली. सगळी पोरं त्या दिवशी शाळेला उशिरा पोचली.

वेस्लीची अडचण एकच. तो मुळात जाडा नव्हता. कॉलेजात दोनशेतीस पाउंडांचा सडसडीत पळणारा पोरगा. पाठराखा व्हायचं म्हणून त्याने स्वतःला चारून चारून तीनशेवर नेलेलं. सकाळी बारा अंडी, मग ओटची लापशी, मग दर दोन तासांनी शेंगदाण्याच्या लोण्याचं दूध. अँब्रोजचं वजन त्याच्या मालकीचं होतं. वेस्लीचं भाड्याचं. आणि कोच डॅबनीचा नियम साधा होता: दर गुरुवारी काटा, तीनशेच्या खाली गेलास की बाकावर.

पहिल्या रविवारी तो जर्सी भरून घ्यायला आला. बर्नडीनने पायानेच बादली पुढे सरकवली.

"ही कशाला?"

"असू दे."

"मला नाही लागणार, मिस बर्नी."

पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत लागली.

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. पण अँब्रोज रविवारी ओकायचा आणि संध्याकाळी आख्खी कोंबडी खायचा. वेस्ली रविवारी ओकला, सोमवारी ओकला, मंगळवारी समोरच्या संघाच्या चित्रफिती बघताना उठून गेला. अन्न त्याच्या पोटात टिकेना. ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी, कोचच्या आधी, बर्नडीनच्या पट्टीला कळली. पहिल्या आठवड्यात छाती चोपन्न इंच. दुसऱ्या आठवड्यात त्रेपन्न. तिसऱ्या बुधवारी तिने पट्टी गुंडाळली, आकडा पाहिला, पुन्हा गुंडाळली. साडेएक्कावन्न. तिने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, म्हणजे मामला गंभीर.

"वजन किती?" तिने विचारलं.

"तीनशे दोन."

"पोरा, मी शिंपीण आहे. मला खरं किती ते सांग."

त्याने वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधली. मग म्हणाला, "दोनशे एक्क्याण्णव. गेल्या गुरुवारी चड्डीत वाळूच्या पिशव्या घातल्या होत्या. उद्या आणखी लागतील, पण पिशव्या दिसतात. मिस बर्नी, तुम्ही जर आतून शिवून... म्हणजे कमरेला... एखादा कप्पा..."

मी दारात धुतलेल्या टॉवेलांचा ढीग घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता ही याला कात्री फेकून मारणार. पण तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर घरून आणलेला डबा उघडला. बटाटा आणि चीज भरलेल्या पिएरोगी, लोण्यात परतलेल्या. "आधी खा," म्हणाली. त्याने सहा खाल्ल्या. चार टिकल्या.

तिचा नवरा एड, देव त्याला शांती देवो, हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरात भोक पाडून मासे धरायचा. त्याच्या गळाच्या शिशाच्या गोळ्यांचा डबा तिच्या कपाटात पडून होता. तिने एकेक गोळी फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळली, वाजू नये म्हणून, आणि वेस्लीच्या चड्डीच्या कमरेत आतून चोरकप्पे शिवले. नऊ पाउंड शिसं. टाके असे बारीक की मला शोधूनही सापडेनात. शिवताना तिचं बोट तीनदा टोचलं. तिचं बोट टोचताना मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हे काय करतेस तू?" मी विचारलं.

"दया," ती म्हणाली. "मागे एकदा केली होती."

गुरुवारी काटा तीनशेवर थांबला. रविवारी बाहेरगावी सामना होता. ग्रॅहमला चार वेळा मागून मार बसला. दर वेळी उठला, पण चौथ्या वेळी उठायला वेळ लागला. पुढच्या बुधवारी वेस्ली दोनशे चौऱ्याऐंशी. सोळा पाउंड शिसं. एवढं कमरेला बांधून पोरगा काट्याकडे चालला की एखादी वधू जड घागरा सावरत निघावी तसा दिसायचा. त्यावर मी हसलोही असतो, पण रविवार जवळ येत होता. बर्नडीनला तर बसल्या जागी दचकायची सवय लागली. ओळीने टांगलेल्या जर्सींत ग्रॅहमची पाठ तिच्याकडे असली की ती उठून हँगर उलटा करायची.

"सांगून टाक कोचला," मी म्हणालो.

"सांगितलं की पोरगा संपला. पाचव्यांदा कोणी बोलवत नाही."

"मग नको सांगूस."

"मग ग्रॅहम संपला."

"मग काय करणार?"

"मोजे दे," ती म्हणाली. त्या दिवशी गुरुवार होता, रविवार नव्हे.

शुक्रवारी पोलिश क्लबात फिन डोनेलीने टोपी काढली. "काय बर्नी, बरी आहेस ना?" पण या वेळी तो तिथेच थांबला, काठीवर रेलून. "रविवारचा सामना बघितला. नव्या पोराला सांग, जरा खाली बसून उभा राहत जा म्हणावं. फार उंच राहतो. ग्रॅहमची पाठ सांभाळा गं बाई. पाठ एकच असते."

बर्नडीनने माझ्याकडे बघितलं. मग आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. मासा मी खाल्ला, दोघांचाही, कारण मला भीती वाटली की भूक लागते. माणसामाणसांत फरक असतो.

शनिवारी सकाळी ग्रॅहम खाली आला. थंडीत हात घालायची त्याची पोटावरची उबदार पिशवी उसवली होती. बर्नडीनने ती हातात घेतली, बाजूला ठेवली आणि टाचण्या नसलेल्या तोंडाने, एका दमात सगळं सांगितलं. वजन, शिसं, चोरकप्पे. मी दाराआड उभा राहून टॉवेलाच्या घड्या उसकटत होतो आणि पुन्हा घालत होतो.

ग्रॅहम मोज्यांच्या ढिगावर बसला. "किती आहे आता तो?"

"दोनशे चौऱ्याऐंशी."

"उद्या त्याच्यासमोर येणारा किती आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही. सांगूही नकोस."

"मला हे का सांगितलंत, मिस बर्नी? मी आज बरा झोपलो असतो."

"पाठ तुझी आहे म्हणून. फिन डोनेलीला कोणी सांगितलं नव्हतं." आणि मग तिने त्याला टॉलिव्हरचं सांगितलं, अर्ध्या इंचाचं.

ग्रॅहमने ढिगातला एक मोजा उचलून त्याच्या भोकात बोट घातलं.

"म्हणजे कोचला सांगितलं तर वेस्ली जातो," ग्रॅहम म्हणाला.

"हो."

"आणि नाही सांगितलं तर मी."

"हो."

"तुम्ही दुकान काढू नका हं, मिस बर्नी. गिऱ्हाईक दोन्ही वस्तू बघून पळून जाईल." तो उठला. हसत होता, पण उसवलेली पिशवी तिथेच विसरला. काय करणार ते न सांगताच गेला.

रविवारी सरोवरावरून बर्फ आडवा येत होता. वेस्ली साडेबाराच्या आत खाली आला, बादलीशी बसला. बर्नडीन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तेवढ्यात बाहेरच्या दारावर थाप पडली. वेस्लीचा चेहरा पांढरा झाला, बर्नडीनचाही. मी कडी काढली. ग्रॅहम उभा, पूर्ण पोशाखात, घामाने डबडबलेला.

"मिस बर्नी," तो म्हणाला, "ती बादली मोकळी आहे का?"

वेस्ली उठून उभा राहायला लागला. "नको नको, तू बस," ग्रॅहम म्हणाला. "जरा सरक फक्त."

तेरा वर्षं न घाबरलेला माणूस एका दिवसात साठलेली सगळी भीती बाहेर काढतो तेव्हा बघण्यासारखं असतं असं मी म्हणणार नाही, कारण नंतर धुवायचं मलाच होतं. दोघं जण बादलीच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर, डोक्याला डोकं लागलेलं.

"मी काल कोचकडे गेलो होतो," ग्रॅहम तोंड पुसत म्हणाला. "म्हटलं, मला भीती वाटते. अँब्रोज गेल्यापासून मागून कोणीतरी येतंय असंच वाटत राहतं. माझ्या डाव्या हाताला आणखी एक माणूस उभा कर, नाहीतर मला फेकता येणार नाही."

"माझ्याबद्दल...?" वेस्लीने विचारलं.

"तुझं काय? घाबरलोय मी. तुझा काय संबंध?"

वेस्लीने बर्नडीनकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं," ती म्हणाली. "हवं तर माझ्यावर रागाव. पण हात वर करून रागाव, अजून अर्धा इंच आत घ्यायचाय."

त्याने हात वर केले. तिने सुई घेतली आणि अंगावरच टाके घातले. चष्मा गळ्यातच लोंबत होता, तरी टाके सरळ पडले. कसे ते तिलाच ठाऊक.

सामना सुरू झाला आणि तिने मशीन लावली नाही. "आवाज ऐकू दे," म्हणाली. आपला संघ चेंडू खेळत असला की आमचं स्टेडियम गप्प बसतं, खेळाडूंना खुणा ऐकू याव्यात म्हणून. साठ हजार माणसं चूप. त्या शांततेत ती मोजायची. एक. दोन. अडीच. मग वरून "हो!" असा गजर आला की श्वास सोडायची. हाय खाल्ल्यासारखा आवाज आला की डोळे मिटायची. मधल्या सुट्टीपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते.

मी मैदानावर जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बघून यायचो. डावीकडे वेस्ली, त्याच्या शेजारी जादा गडी. दोघं मिळून कसंबसं अडवत होते. ग्रॅहमच्या अंगावर कोणी पोचलं नव्हतं. पण शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे, आणि चेंडू झेलायला माणसं हवी होती. कोचने जादा गडी काढून पुढे पाठवला.

मी पळत आलो. "पोरगा एकटा आहे."

बर्नडीन उठली. मला वाटलं बादली घेईल. तिने कोट घेतला. एकोणीस वर्षांनी ती त्या बोगद्यातून चालत गेली, भिंत धरून, आणि तोंडाशी बर्फात उभी राहिली. स्टेडियम चिडीचूप. चेंडू सुटला.

एक. समोरचा आला. मी पाहिलं, त्याचा पंजा वेस्लीच्या छातीवर पडला आणि मूठ मिटली. बर्नडीनने माझा दंड धरला. मूठ मिटली ती रिकामी मिटली. कापड नव्हतंच. दोन. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. वेस्ली मागे ढकलला जात होता, पाय बर्फात घसरत होते, पण अजून मध्ये होता. अडीच. ग्रॅहमने फेकला. आणि त्याच क्षणी तिघंही एकावर एक कोसळले, ग्रॅहम सर्वांत खाली.

चेंडू कुठे गेला ते मी पाहिलं नाही. वरून कण्हल्यासारखा आवाज आला, तेव्हा कळलं की जमिनीवर पडला. सामना हरलो. पण बर्नडीन अजून मोजतच होती. सहा. सात. आठ. ढीग हलला. समोरचा उठला. वेस्ली उठला, वाकला, त्याने हात खाली केला. नऊ. दहा. खालून एक हात वर आला आणि त्याने तो धरला. ग्रॅहम उठून उभा राहिला आणि त्याने पाठीवरचा बर्फ झटकला.

बर्नडीन तिथेच खाली बसली. माझ्या दंडावर चार बोटांचे वळ आठवडाभर होते. सगळं शहर हरल्याबद्दल रडत होतं आणि आम्ही दोघं बोगद्यात बसून वेड्यासारखे हसत होतो. कोणीतरी आमच्यावर कॉफीचा कप फेकला, तेही रास्तच होतं.

बुधवारी वेस्ली आपणहून चड्डी घेऊन आला. तिने चोरकप्पे उसवले, गोळ्या फ्लॅनेलसकट एडच्या डब्यात ठेवल्या. गुरुवारी तो काट्यावर तसाच उभा राहिला. दोनशे त्र्याऐंशी. कोच डॅबनीने काटा पाहिला, पोराकडे पाहिलं. नियमाने बाकावर बसवायला हवा होता, पण मग उभा कोणाला करणार? "दंड भर," तो म्हणाला. "आणि उद्यापासून नाश्ता माझ्यासमोर करायचा." उरलेले पाच सामने वेस्लीच खेळला, शेजारी जादा गडी घेऊन. वसंतात अँब्रोजच्या बदल्यात मिळालेल्या हक्कावर वरच्या लोकांनी तीनशे तीस पाउंडांचा, जन्मजात जाडा पोरगा उचलला आणि वेस्लीला पाचव्यांदा काढलं. परत बोलावलं नाही. तो आता आपल्या गावी शाळेत खेळ शिकवतो. मध्ये एकदा भेटायला आला, तर बर्नडीनने त्याला ओळखलंच नाही. पट्टी गुंडाळली तेव्हा म्हणाली, "त्रेचाळीस! पोरा, तू एवढाच होतास?"

पण मला सांगायचंय ते त्या हरलेल्या रविवारनंतरच्या शुक्रवारचं. पोलिश क्लबात फिन डोनेलीने टोपी काढली, "काय बर्नी, बरी आहेस ना?" आणि ती म्हणाली, "नाही." आपलं ताट उचललं आणि त्याच्या टेबलाशी जाऊन बसली. मी लांब होतो. मला फक्त तिचे ओठ दिसत होते, आणि अंगठा नि बोट यांच्यात धरलेलं अर्ध्या इंचाचं अंतर. फिनचा काटा ताटात टेकला. त्याने ते अंतर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा ते अंतर पाहिलं. मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि ही कधीच उभी राहणार नाही.

तो उठला नाही. तो बसल्या जागीच ओरडला. एकोणीस वर्षं विमा विकणाऱ्या माणसाला इतक्या शिव्या येत असतील असं कोणाला वाटलं नसतं. इंग्रजीतल्या संपल्या तेव्हा त्याने पोलिश सुरू केल्या, आणि फिन तर आयरिश! सगळा हॉल वळून बघत होता. जेवायला आलेल्या फादरनी कान झाकले, पण नीट नाही. शेवटी दम संपला तेव्हा तो टेबलावर हात टेकून, लाल डोळ्यांनी तिच्याकडे नुसता बघत राहिला.

बर्नडीन मान खाली घालून ऐकत होती. तिने नाक पुसलं. मग काटा उचलला, आणि ताटातला मासा संपवला. आणि मग तिने वाढणाऱ्या पोरीला हात करून आणखी एक ताट मागवलं.